थरथरणारी वलयं

एकाहत्तरची लढाई चालू होती आणि मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत न्यूटनची वलयं मोजत बसले होते. सोडियमच्या पिवळ्या उजेडात, सूक्ष्मदर्शकाखाली, भिंगाभोवती काळी-पिवळी वलयं उमलत. आई फौजेतल्या विनयदादासाठी नर्मदेच्या ग्वारीघाटावर दिवा सोडायची, तेव्हा दिव्याभोवती पाण्यावर वलयं उठायची, अगदी तशीच. बघता बघता मी नर्मदेवर तरंगू लागे. तेवढ्यात बाबांच्या कारखान्यात तोफेची चाचणी होई. टेबल हादरे, वलयं थरथरत, मोजणी चुके. मेली तोफ! पुन्हा पहिल्यापासून.

"बाबा, उद्या माझं प्रॅक्टिकल आहे. उद्या तरी तोफा बंद ठेवा!"

बाबा हसले. "काहून चिडून राहिली? सांगून पाहतो साहेबाला."

दुसऱ्या दिवशी खरंच एकही वलय हललं नाही. मोजणी पहिल्याच खेपेला जमली. मी धावतच घरी आले. "बाबा, साहेबांनी ऐकलं!"

बाबा पायरीवर बसले होते. "बंद नाही ठेवल्या, बेबी. सगळ्या तोफा सीमेवर गेल्या. विनयच्या तिकडे."

मी खाली बसून जमिनीवर तळहात टेकवला. काहीच थरथरत नव्हतं.