एके काळचा एक किलो

मी एक किलो आहे. अधिक नेमके सांगायचे तर, होतो.

तुमच्या स्वयंपाकघरातली साखरही एक किलो असते, असे तुम्ही म्हणाल. ते तितकेसे खरे नाही. साखर एक किलो भरते. भरणे निराळे आणि असणे निराळे. साखर किती भरली हे सांगायला एक वजन लागते, ते वजन खरे की खोटे हे सांगायला दुसरे, आणि त्या दुसऱ्यासाठी तिसरे. अशा पायऱ्या चढत गेलात, की एका बऱ्याच वरच्या पायरीवर, लाकडी पेटीत, मखमलीच्या खळग्यात मी बसलेला असे. इतक्या वर सहसा कुणी येत नाही.

माझा जन्म पोलादाच्या कांबीतून झाला. यंत्राने मला कापले, गोल केले, डोक्यावर उचलण्यापुरती एक मूठ ठेवली. मग एका वृद्ध कारागिराने मला मांडीवर घेतले. तो मला किंचित घासायचा, तोलायचा, पुन्हा किंचित घासायचा. अखेरीस हात थांबवून तो म्हणाला, "पुरे." या जगात मी ऐकलेला तो पहिला शब्द. त्याने मला कापडात गुंडाळून पुढे केले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे मोकळ्या तळव्याचा स्पर्श मला झाला नाही. माणसाच्या बोटांचा ओलावासुद्धा माझ्या वजनात भर घालतो. म्हणून मला हातमोजे घालून, चिमट्याने उचलायचे, असा नियम. तो नियम माझ्या मानासाठी होता. मान आणि एकटेपणा एकाच पेटीत बसतात, हे मला पुढे कळले.

समुद्र ओलांडून मी ज्या कारखान्यात आलो, तिथे औषधे जोखण्याचे तराजू बनत. मालकांना सगळे मामा म्हणत. ते नेमके कुणाचे मामा, हे कुणालाच आठवत नव्हते. पत्र्याच्या छपराखाली मोडके तराजू दुरुस्त करता करता त्यांनी हा व्याप उभा केला होता. आपले तराजू परदेशातल्या रुग्णालयांत जावेत, एवढी एकच हौस त्यांच्या मनात उरली होती. त्यासाठी आंतरराष्ट्रीय गुणवत्तेचे प्रमाणपत्र हवे होते आणि त्या प्रमाणपत्रासाठी मी.

मामांना आरंभी हे पटले नव्हते. मापनकक्षाचे काम पाहणाऱ्या बाईंना ते म्हणाले, "बाई, इतकी वर्षं माझ्या तराजूबद्दल एक तक्रार नाही. माझा शब्द पुरत नाही का?"

"इथं पुरतो, मामा. इथं लोक तुमच्या तोंडाकडे बघून तराजू नेतात. तिकडच्या नर्सनं तुमचं तोंड कुठं पाहिलंय?"

"फोटो पाठवू का मग?"

"नको. होती ती मागणीसुद्धा जाईल."

मामा हसले, आणि मला मागवण्याचा निर्णय झाला. ज्यांची कधी गाठ पडणार नाही अशा माणसांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा, यासाठी जगाने काही मापे एकमताने मान्य केली आहेत. मी त्या एकमताचा एक छोटासा, मुका साक्षीदार. इकडे बाई तोलतील आणि तिकडे एक अनोळखी नर्स एका अनोळखी बाळाचे औषध तोलेल, तेव्हा दोघींचा शब्द एक व्हावा, एवढेच माझे काम.

ते काम फार क्वचित निघे. कारखान्यातली रोजच्या वापराची वजने मळत, झिजत, हातोहात फिरत. कधीमधी त्यांना माझ्यासमोर आणत. बाई पंखा बंद करत, दार लोटत, मला पेटीतून काढून तराजूशेजारी ठेवत आणि खोलीच्या उष्म्याशी माझे जमेपर्यंत स्वस्थ बसून राहत. तराजूचा आकडा स्थिरावेपर्यंत त्या श्वाससुद्धा आवरून धरत. मग हलकेच सोडून म्हणत, "चला, निभावलं." मला म्हणत, की स्वतःला, ते मी ठरवू शकलो नाही. त्यांच्या घरी वाट पाहणारे कुणी नसावे. सुट्टीची घंटा झाली तरी त्या चष्मा पुसत बसलेल्या असत. आम्ही दोघे एका खोलीत पुष्कळ वर्षे राहिलो, आणि आमच्यामध्ये नेहमी एक हातमोजा राहिला.

परदेशातल्या एका रुग्णालयाची मोठी मागणी आली, तेव्हा कारखान्यात सणासारखी धांदल उडाली. इतकी वर्षे लांबलेल्या प्रमाणपत्राचे परीक्षक माल निघण्याआधी येणार होते. भिंतींना रंग लागला, फरशी घासली गेली. परीक्षक यायच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. भर दुपारी मामा एकटेच सगळीकडे नजर टाकत मापनकक्षात आले. त्यांनी माझी पेटी उघडली. माझी चकाकी थोडी मंदावली होती; वयाने मंदावते तशीच.

"पाहुणे येणार, आणि तू असा?" मामा म्हणाले.

तराजूच्या पितळी पारड्यांसाठी असते ते पॉलिश त्यांनी आणले. मऊ फडके घेतले. खुर्चीत बसून त्यांनी मला मांडीवर घेतले आणि ते घासू लागले. मुलाला शाळेत धाडण्यापूर्वी आईने तोंड पुसावे तसे, जरा दाबून, जरा लाडाने. तळव्याची ऊब माझ्यात उतरत होती. एवढ्या वर्षांनी कुणीतरी मला जवळ घेतले होते, आणि प्रत्येक हातासरशी मी थोडा थोडा कमी होत होतो. थांबवावे असे मला वाटले का, हे विचारू नका. मामांना थांबायचे कुठे हे ठाऊक नव्हते. "पुरे" म्हणणारा माणूस समुद्रापार राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी एक शेवटची पडताळणी करायला घेतली. माझ्यासमोर एक वजन ठेवले. ते जड निघाले. दुसरे ठेवले, तेही जड, आणि तेवढेच. कपाटातली सगळी वजने एकामागून एक आली, आणि सगळी सारखीच जड. बाई थबकल्या. इतकी वजने एका रात्रीत, एकाच मापाने वाढत नाहीत. सगळ्यांचा दोष अगदी सारखा दिसू लागला, की दोष पाहणाऱ्याकडे पाहावे. बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी आरशासारखा लखलखत होतो. त्यांनी नाक जवळ आणले. पॉलिशचा वास अजून होता.

मामांना बोलावणे गेले.

"मामा, काल इकडे आला होतात?"

"आलो होतो. कसा दिसतोय सांगा."

बाईंनी तराजूचा आकडा दाखवला. मामा बराच वेळ तो पाहत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे मी..."

"हो."

"केवढंसं ते, बाई. धुळीच्या कणाएवढं. त्यानं कुणाचं काय बिघडणार आहे?"

"आज कुणाचंच नाही."

"मग असं करा. यालाच आपण प्रमाण मानतो ना? बाकीची वजनं याच्याप्रमाणे करून टाका. सगळी सारखी होतील. कुणाला कळणारसुद्धा नाही."

युक्तिवादात मोठे बळ होते. क्षणभर मलाही वाटले, की मी म्हणेन तोच किलो. परंतु बाईंनी मान हलवली. "याला प्रमाण मानतो, कारण याच्याही वर कुणीतरी आहे, आणि त्याच्याही वर. ती साखळी आपण तोडली, तर हा नुसता लोखंडाचा तुकडा."

"ती मागणी जाईल, बाई."

"जाईल. तुम्ही सांगता की मी सांगू?"

परीक्षक दुपारी आले. मितभाषी गृहस्थ. त्यांनी माझी कागदपत्रे चाळली आणि म्हणाले, "दाखल्याची मुदत अजून बाकी आहे. ठीक दिसतंय."

"दाखला चालू आहे," बाई म्हणाल्या, "वजन नाही."

मग दाराशी उभे असलेले मामा पुढे झाले. "मी घासलं ते," ते म्हणाले. "छान दिसावं म्हणून."

परीक्षकांनी चष्मा काढला. "मला हे कळलं नसतं," ते म्हणाले. आणि कागदपत्रे मिटत, "नवं प्रमाण वजन आणा. मग पुन्हा येतो."

नवे वजन यायला वेळ लागला. तोवर ती मागणी दुसऱ्या कारखान्याकडे गेली. पुढे प्रमाणपत्र मिळाले, मामांचे तराजू समुद्रापारही गेले. परंतु ते पहिले रुग्णालय पुन्हा आले नाही. मामा मापनकक्षात येईनासे झाले. काचेबाहेरून पाहत आणि निघून जात.

नवे वजन ज्या दिवशी माझ्या पेटीत बसले, त्या दिवशी बाईंनी ते चिमट्याने ठेवले, झाकण लावले आणि हातमोजे उतरवले. मग त्यांनी मला उचलले. मोकळ्या हाताने, दोन्ही तळव्यांत. त्यांचे हात गार होते. "सुटलास बाबा," एवढेच त्या म्हणाल्या. आता मला जपण्याचे काही कारण उरले नव्हते, म्हणूनच त्यांना मला हातात घेता आले.

निवृत्त झाल्या तेव्हा बाईंनी मला सोबत नेले नाही. मी कारखान्याची मालमत्ता. आणि त्या अशा बाबतीत किती काटेकोर, हे मी जाणतो. हल्ली मी खिडकीत असतो. वाऱ्याने झडप मिटू नये म्हणून मला तिच्या फटीत उभे करतात. दोनदा खाली पडलो, कडेचा टवका उडाला. ज्याला घाई असते तो मला पायाने सरकवतो. स्पर्श आता पुष्कळ होतात; थांबत कुणी नाही.

माझी तक्रार नाही, एक विनंती आहे. हयातभर मी दुसऱ्यांना तोलले. बाईंनी तो आकडा पाहिला, त्यानंतर मला कुणीही तोललेले नाही. मी आता किती आहे, हे मलाच ठाऊक नाही. कुणाला सवड झाली, तर पंखा बंद करा, दार लोटा आणि मला एकदा पारड्यात ठेवा. जो आकडा येईल तो मोठ्याने सांगा. किलो भरणार नाही, हे मी जाणतो. जेवढा भरेन तेवढा खरा भरेन.

आणि हातमोजे घालू नका.