ढिगाच्या तळचा कागद

असितान कोनेने मोपेड आंब्याखाली लावली, पाठीवरच्या बाळाची झोळी आवळली आणि हँडलला अडकवलेली पुडी सोडवली. ओल्या पानांत बांधलेल्या दहा कोलाबिया, सुपारीसारख्या मानाच्या. माफी मागायला रिकाम्या हाताने कोणी जात नाही. खरं तर एकट्यानेही जात नाहीत. दोन्हीकडचं कोणीतरी मधे लागतं, शब्द इकडून तिकडे नेणारं. सकाळपासून ती अशा माणसाच्या शोधात होती. ज्याला विचारलं तो हसला.

"कोने आणि डेंबेलेंचं भांडण? अगं, तुमचं भांडण लागूच शकत नाही."

ते खरंच होतं. ही दोन थट्टेची कुळं. पणज्यांच्याही आधीपासून त्यांनी एकमेकांना चवळीखाऊ म्हणावं, गुलाम म्हणावं, काहीही म्हणावं. रागवायला मात्र मनाई.

अंगणात म्हातारा झुमाना डेंबेले दोर वळत बसला होता. पलीकडे चुलीच्या खोपटाच्या सावलीत त्याची नात कोरोतूमू पेरणीसाठी शेंगा फोडत होती. मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि ओठ हलत होते.

"घरी सगळे सुखरूप?" असितानने विचारलं.

"सुखरूप. आणि तुमच्याकडे?"

"सुखरूप."

"बाळ?"

"ताप केव्हाच उतरला."

"देवाची कृपा. बसा, मॅडम."

असितान टेकता टेकता थांबली. दोन वर्षांत त्याने तिला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. न्याबुगूच्या पंचायत कचेरीत ती कारकून होती; तो दारातूनच ओरडायचा, "माझी मोलकरीण कुठे उलथली?" आणि ती मान वर न करता म्हणायची, "खिडक्या उघडा रे, चवळीचा वास आला."

नोव्हेंबरात तो असाच ओरडत आला होता. नातीच्या, कोरोच्या, जन्माची नोंद कुठेच नव्हती. कागद तालुक्याच्या कोर्टात पाठवायचे, तिथून दाखला आणायचा. त्याशिवाय नववीच्या सरकारी परीक्षेच्या यादीत नाव लागत नाही. त्याने कागद टेबलावर ठेवले. असितानने समोरचा अख्खा ढीग दोन्ही हातांनी उचलला आणि त्याचे कागद खाली सरकवले.

"डेंबेलेंची जागा तळाशी."

सगळी कचेरी हसली. सर्वांत मोठ्याने तोच हसला. तो गेला की कागद वर काढायचे, असं तिच्या मनात होतं. त्याच दुपारी बाळ तापाने फणफणलं. ती तीन आठवडे घरी राहिली, आणि परत आली तेव्हा ढिगावर ढीग चढले होते.

जानेवारीत त्याने विचारलं, "पोरी, माझा कागद कुठवर आला?"

"पिकतोय. तळाशी ऊब असते."

फेब्रुवारीत तो पुन्हा आला. डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात धरली होती. "असितान, आज थट्टा नाही. पोरीचं आहे," तो म्हणाला. थट्टेच्या कुळातला माणूस गंभीर चेहरा करतो, तीच तर सगळ्यात पक्की थट्टा असते. ती पोट धरून हसली होती. "वा. आता रडूनही दाखव."

मार्चमध्ये यादी बंद झाली. कागद तिला परवा सापडले.

तिने पुडी त्याच्या पायांपाशी ठेवली.

"बाबा, चूक माझी आहे."

"चूक कसली, मॅडम. तुम्हाला कामं असतात."

"काल कोर्टात जाऊन आले. महिन्याभरात दाखला मिळेल. पण यादी..."

"हेडमास्तरांनी सांगितलं मला."

दोराचे दोन पदर त्याच्या तळव्यांखाली एकमेकांवर चढत राहिले. असितान पुढे सरकली आणि आवाज हलका करून म्हणाली, "अरे चवळीखाऊ, दोन शिव्या तरी दे. तुझी मोलकरीण समोर बसलीय."

तो हसला. मोठे साहेब गाडी घेऊन गावात येतात, तेव्हा ओळीत उभे राहिलेले म्हातारे हसतात तसा.

"सरकारी माणसाला कोण शिव्या देईल?"

असितानने मान खाली घातली. पाठीवरून बाळाचा हात बाहेर आला, चाचपडत वर चढला आणि तिच्या कानाची पाळी धरून बसला. तिने तो सोडवला नाही.

"पुढच्या वर्षी तरी बसवाल ना तिला?"

"तिची आत्या राजधानीत, बामाकोत आहे. एका घरी कामाला मुलगी हवी आहे म्हणते. यंदा निकालापर्यंत थांब म्हणून मीच कळवलं होतं." त्याने पुढचा पदर थुंकी लावून ओला केला. "आता कशासाठी थांबायचं? कापूस पेरून झाला की जाईल."

"कोरो काय म्हणते?"

"तिला माहीत नाही अजून. यादीचंही नाही."

खोपटाकडून कोरोचा आवाज आला, एका सुरातला. मालीला समुद्र नाही. शेजारी देश सात. मुख्य नदी नायजर. कापूस, सोनं, गुरंढोरं. मग सूर तुटला आणि ती ओरडून म्हणाली, "मॅडम, जाण्याआधी मला शेजारी विचाराल? सहाच आठवतात. आणि विसरलेला मेला रोज वेगळाच असतो."

"अभ्यास कर," म्हातारा म्हणाला. आवाज चढला नव्हता. पण हात थांबले होते.

असितान उठली. जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं आणि ते कुठेच पोचलं नव्हतं.

"बाबा, मला वाट द्या."

पाहुण्याने वाट मागायची आणि यजमानाने अर्धीच द्यायची; उरलेली अर्धी परत येण्यासाठी राखून ठेवायची. लहान मुलंसुद्धा अर्धीच देतात.

झुमानाने दोर बाजूला ठेवला. पुडी उचलून आपल्या मांडीवर घेतली. म्हणजे माफी त्याने स्वीकारली होती. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "दिली. पूर्ण दिली."

मोपेडपर्यंत दहा पावलं असतील. कोणी अडवणार नव्हतं. दोन-चार दिवसांत एका संध्याकाळी म्हातारा नातीला जवळ बोलावील आणि सांगेल. कसं सांगायचं ते त्याचं तो बघेल. असितान किल्ली मुठीत धरून उभी राहिली. मग तिने झोळीची गाठ सोडली, बाळाला पुढे कडेवर घेतलं आणि ती खोपटाकडे गेली.

कोरोने घाईघाईने चटईवरची टरफलं बाजूला लोटली. असितान चटई सोडून खाली मातीत बसली. बाळ लगेच शेंगांच्या टोपलीकडे झेपावलं.

"हे घ्या." कोरोने हात फ्रॉकला पुसून पुस्तक पुढे केलं. "इथून विचारा. नकाशा झाकून ठेवा हं, नाहीतर मी बघते."

असितानने पुस्तक घेतलं आणि मिटून मांडीवर ठेवलं.

"विचारते. आधी मला काहीतरी सांगायचंय तुला. माझ्या हातून झालंय."

"काय?"

"तुझ्या परीक्षेचं."

कोरोच्या बोटांत एक शेंग होती. ती तिने फोडली नाही.