पहिली फेरी

गादीवाल्यांनी दाभण गादीत खुपसलं आणि तिथंच सोडून दिलं. कुस्तीचे शेवटचे अकरा सेकंद उरले होते. लेक तीन-दोननं पुढे होती, आणि समोरच्या लाल वेणीवालीनं खाली वाकून, पाय ओढून तिचा पट काढला. कापसाच्या गठ्ठ्याला टेकवलेला मोबाइल तो केवढासा. त्यात आपली पोर पाय निसटून कधी पडली हेसुद्धा धड दिसलं नाही. पंचांनी हात उचलला तो लाल वेणीवालीचा.

"मेली कुठली!" शेजारी बसलेली पोरीची आई म्हणाली. "वेणी बघा, जशी काही गाढवाची शेपटी."

गादीवाल्यांनी दाभण ओढून काढलं, दोऱ्याला गाठ मारली आणि मारलेली गाठ पुन्हा सोडवत बसले.

एका जागी ठरत नाही म्हणून लेकीला सगळे भिंगरीच म्हणत. ती याच दुकानात, गाद्यांच्या थप्पीवरून कोलांट्या मारत वाढली आणि पुढे पन्नास किलो गटात देशाकडून कुस्ती खेळू लागली. पण दोन वर्षं ओळीनं जागतिक स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरून घरी आली होती. यंदा निघताना बापानं बजावलं होतं, "पहिली फेरी हरलीस तर कुस्ती बंद. दुकानात यायचं. माझे गुडघे आता थप्पीवर चढत नाहीत."

पोरगीही त्याच बापाची. "दिला शब्द," म्हणाली आणि हात पुढे केला. तो हात हातात घेताना गादीवाल्यांना आतून बरं वाटलं होतं, हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. एवढं उभं केलेलं दुकान, कुणीतरी सांभाळायला हवंच की. आता सांभाळणारी मिळाली होती, आणि दोऱ्याची गाठ काही मनासारखी बसत नव्हती.

"येईल आता ती," ते म्हणाले.

"येईल ना. शब्दाची पक्की आहे. तुमच्यावर गेलीय." आईनं हे कौतुकानं म्हटलं नव्हतं. तिनं मोबाइल बंद करून पालथा ठेवला.

तेवढ्यात समोरच्या दुकानातले चष्मेवाले रस्ता ओलांडून धावत आले. हातात कुणाच्या तरी चष्म्याची एकच काडी.

"बंद का केलात? लावा, लावा!"

"आता काय राहिलंय बघायला?" आई म्हणाली.

"अहो वहिनी, संपलंय कुठं! ती लाल वेणीवाली फायनलला पोचली, तर तिनं हरवलेल्या सगळ्यांना परत बोलावतात. ब्राँझसाठी खेळवतात. नियमच आहे तसा. आणखी दोन कुस्त्या जिंकायला हव्यात फक्त तिनं."

आईनं पालथा मोबाइल उचलून पुन्हा कापसाच्या गठ्ठ्याला टेकवला.

"म्हणजे," आईनं जपून विचारलं, "आम्ही आता त्या शेपटीच्या बाजूनं ओरडायचं?"

"घसा बसेपर्यंत!"

पहिल्या कुस्तीला आईनं तोंड मिटूनच टाळ्या वाजवल्या. लाल वेणीवाली सहा-एकनं जिंकली, तेव्हा मात्र तिच्या तोंडून निघालंच, "चपळ आहे हो कार्टी." सेमीफायनल संध्याकाळी होती. सकाळी जिला पाण्यात पाहिलं, तिच्यासाठी संध्याकाळपर्यंत देव पाण्यात घालायची वेळ आली होती.

सेमीफायनलला लाल वेणीवाली चार गुणांनी मागे पडली. दोन मिनिटं उरली होती. ती हरली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. भिंगरी आपली बॅग उचलून घरी आली असती, दुकानात बसली असती. खरं तर गादीवाल्यांनी हेच मागायला हवं होतं.

"उठ की गं!" ते ओरडले. "कोपर आत घे, कोपर! अगं, काय झोपलीस काय?"

चष्मेवाले वळून बघायला लागले. आईही बघायला लागली. गादीवाल्यांना त्याची शुद्ध नव्हती. ते अर्धवट शिवलेल्या गादीवर उभे राहिले होते आणि चार हजार मैलांवरच्या, भाषासुद्धा न कळणाऱ्या पोरीला डाव सांगत होते. तिनं एक पट काढला, दुसरा काढला, आणि शेवटच्या घटकेला समोरचीला गादीबाहेर ढकललं. पाच-चार.

"गुणाची पोर ती!" आई डोळे पुसत म्हणाली. "दिवसभरात काही खाल्लं असेल का हो तिनं?"

दुसऱ्या दिवशी भिंगरी परत उतरली. पहिली कुस्ती तिनं दोन मिनिटांत, दहा-शून्यनं संपवली. दुसरी ब्राँझची. समोर गेल्या वर्षीची उपविजेती. चार-चार झाले, वीस सेकंद उरले. गादीवाल्यांच्या दुकानात आता शिंपी होता, टेम्पोवाला होता, उशी घ्यायला आलेल्या आणि उशी विसरलेल्या दोन बायका होत्या. भिंगरीनं पट काढला. नुसता काढला नाही, त्याच हिसक्यात तिला वळवली आणि दोन्ही खांदे टेकवले. चीत!

पुढचं कुणालाच नीट सांगता आलं नाही. गादीवाल्यांनी कापूस झोडायची काठी उचलली आणि समोरची गादी ढोल समजून बडवायला सुरुवात केली. खोळ उसवली, कापूस छतापर्यंत उडाला. चष्मेवाल्यांचे केस, शिंप्याच्या मिशा, सगळं पांढरं झालं. आईनं त्या दोन्ही अनोळखी बायकांना मिठ्या मारल्या आणि एकीला चुकून भिंगरी म्हणाली. जिंकली होती पोर! जगातल्या पहिल्या तिघी-चौघींत उभी होती.

तासाभरानं फोन आला. तिचा आवाज ओरडून बसला होता.

"बाबा, ब्राँझ."

"पाहिलं गं, पाहिलं! सगळ्या गल्लीनं पाहिलं. काय धरलीस, वा!"

ती हसली.

"बाबा, मी रविवारी पोचते. सोमवारपासून दुकानात येईन."

"कशाला?"

"पहिली फेरी हरले ना काल. शब्द दिला होता. मेडल मिळालं म्हणून तो काही बदलत नाही." शेवटी तिचा आवाज जरा हललाच.

गादीवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. आत फोम घालून कापूस म्हणून विकणं दूरच, गादी उद्या मिळेल म्हटलं तर उद्याच देणारा हा माणूस.

"पहिली फेरी?" ते म्हणाले. "ती मी पाहिलीच नाही गं. दुकानात गिऱ्हाईक होतं. मी दोनच कुस्त्या पाहिल्या, दोन्ही तू जिंकलीस. न पाहिलेल्या कुस्तीचं मी काय सांगणार?"

"आईला द्या," भिंगरी म्हणाली.

आईनं फोन घेतला.

"आई, खरं सांग. काल मी हरले तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं?"

"होतं ना," आई म्हणाली. "नवरा-बायको होती. गादी मऊ हवी की कडक, यावरून नुसती भांडत होती. तुझ्या बाबांना मान वर करायलासुद्धा फुरसत दिली नाही मेल्यांनी."