नकाशातले तळे

मित्रांनो, मी एक जुना कापडी नकाशा आहे. एका लहानशा गावाच्या कचेरीत राहतो. उत्तरेला टेकडी, दक्षिणेला वळण घेत गेलेली नदी आणि मधे तीन गल्ल्या, एवढाच माझा पसारा. पण त्यातला एकेक उंबरा मला तोंडपाठ आहे.

मला घडवले एका मोजणीदाराने. माणूस काटेकोर, पण चहाचा भारी नाद! साखळी ओढत तो दारोदार हिंडला. कोणती विहीर कोणी खणली, तेसुद्धा विचारून त्याने माझ्यावर लिहिले. तेव्हा गावात चाळीसच घरे होती. पुढे पूल झाला, वीटभट्टी आली, शाळा बांधली गेली. दर वेळी कोणीतरी शाईने माझ्यात भर घाली. आल्यागेल्याला मला कौतुकाने दाखवत. खरे सांगतो, तेव्हा मी जरा फुगलोच होतो.

मग माझी नक्कल करून नवा नकाशा भिंतीवर लागला आणि मला कपाटामागे सारले. तिथे उंदरांनी माझ्या टेकडीचा शेंडा कुरतडला. फार वाईट वाटायचे.

एके दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक काकू कचेरीत आल्या. हातात नोटीस होती. त्यांचे घर म्हणे तळ्याच्या जागेत होते आणि ते महिन्याभरात पाडणार होते!

"अहो साहेब, तीस वर्षं राहतेय मी तिथे. सासूबाई जन्मभर नदीवरून पाणी आणायच्या. दारात तळं असतं तर कशाला गेल्या असत्या?"

"काकू, मला पटतंय हो," कारकून कळवळून म्हणाला. "पण नकाशात तळं आहे ना!"

"मग जुना नकाशा काढा."

मला बाहेर काढून झटकले. पाहतात तर माझ्यावरही तिथे गोल! काकूंचा चेहरा उतरला. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण नकाशाला कुठले तोंड? तेवढ्यात त्यांनी सवयीने माझा काठ बोटांत धरून चोळला आणि मला उलटे केले. पाठीवर नदी नव्हती, रस्ते नव्हते. तेवढा एक तपकिरी गोल होता.

"साहेब, खळ दिलेलं कापड आहे हे. शाई वरच राहते. गरम कपानं खळ सुटली, म्हणून हा डाग आरपार गेलाय. चहाचा डाग आहे हा! कापडाचं मला शिकवू नका."

नक्कल करणाऱ्याने त्या डागातच निळा रंग भरला होता. कारकुनाने कपाळावर हात मारला.

"काकू, घर कुठे तुमचं?"

"हे काय, शाळेच्या मागे."

बारा वर्षांच्या नोकरीत तो त्या गल्लीत कधी गेला नव्हता. चपला सरकवून तो तसाच काकूंबरोबर निघाला. परत आल्यावर त्याने आधी ती नोटीस फाडली.

मित्रांनो, आम्हा जुन्या नकाशांना उंदरांपासून, ओलीपासून जपा. पण माझ्यावर कितीही माया असली, तरी नुसते माझ्याकडे बघून कोणाचे घर पाडू नका. आधी तिथे जा आणि दार वाजवा.