बिट्टीच्या कपाटाची कडी

मी एक जुनी लोखंडी कडी आहे मित्रांनो, आणि माझा कोणावरच विश्वास नाही. विश्वास ठेवून कडीचं भागत नाही.

मला घरी आणलं ते बिट्टीच्या बाबांनी. ते गोदामावर पहारेकरी. कामगार सुटताना प्रत्येकाची पिशवी उघडून बघायची, हे त्यांचं काम. बिट्टी रांगायला लागली आणि त्यांना घरातही चोर दिसू लागला. तिनं खालच्या कपाटातली झाकणं ओढून काढली, साखरेच्या डब्यात हात घातला. त्याच संध्याकाळी मी त्या कपाटावर बसले.

"गोदाम झालं, आता घराची झडती घ्या," आई म्हणाली.

"एकदा सवय लागली की आवरत नाही," बाबा म्हणाले.

मला ते पटलं. झाकण झाकणावर आपटून ही कान देऊन काय ऐकते? नक्कीच काहीतरी डाव असणार. तिची बोटं जवळ आली की मी घट्ट बसून राही. दारातून बाबांचा आवाज येई, "बिट्टी, हात!" हळूहळू ती हात पाठीमागे बांधून उभी राहू लागली. बोलायला शिकली, पण "हे काय?" असं काही विचारीना. पाहुणे म्हणत, "किती शहाणी पोर, कशाला हात लावत नाही." ते कौतुक मी स्वतःकडेच घेतलं. आई मात्र माझ्याकडे संशयानं बघायची.

मग एकदा बाबांनी रंगीत ठोकळे आणून तिच्यापुढे ओतले. बिट्टीचे हात मागे गेले.

"घे ना. तुझ्यासाठीच आणलेत."

ती बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली. "मी नाही घेतले, बाबा."

बाबा तिच्यासमोर खाली बसले. गोदामाच्या फाटकावर हेच वाक्य ते रोज ऐकत. आईनं पेचकस आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

सुऱ्या, औषधं वरच्या फळीवर गेली आणि मी कपाटावरून निघाले. उघड्या कपाटापुढे बिट्टी नुसतीच उभी. दार उघडं आहे म्हणजे काहीतरी फसवणूक असणार, हे ती माझ्याकडूनच शिकली होती. शेवटी बाबांनीच फतकल मारली आणि झाकणावर झाकण आपटलं. "तू वाजव बघू, माझ्यापेक्षा मोठ्यानं."

आता मी एका लाकडी फळीवर बसवलेली आहे, बिट्टीला खेळायला. ती मला उघडते, लावते, खालून वाकून बघते. "ही इथेच का अडते?" माझं गुपित फार दिवस टिकेल असं वाटत नाही.

मित्रांनो, घरात रांगतं भावंड असेल तर सुरीच्या खणाला कडी जरूर लावा, त्याच्या हातांना लावू नका. मिटलेले हात लवकर उघडत नाहीत. नवी वस्तू दिसली की बिट्टी अजूनही आधी बाबांकडे बघते. मी दोघांवरही नजर ठेवून असते. ती बघते तेव्हा "हात!" न म्हणता बाबा आपलेच हात पाठीमागे बांधून उभे राहतात.