‘वास’ या शब्दाचा अर्थ

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण जन्माने फळा नव्हे. मी कैरोतल्या कुणा श्रीमंताच्या कपाटाचं दार होतो. बिजागरी मोडली, तेव्हा त्यांनी मला जिन्यात टाकून दिलं. तिथून मला बेखीतने उचललं. शहराचा कचरा गोळा करून, निवडून, विकून जगणारी मुकत्तम डोंगराखालची आमची ख्रिस्ती वस्ती. बेखीत तिथलाच. त्याने मला काळा रंग फासला आणि चर्चच्या अंगणात टांगलं.

दर शुक्रवारी तिथे मुलांचा वर्ग भरे. शिकवणाऱ्या ताईला आमच्याकडे तासोनी म्हणतात. तासोनी यूस्तिना मोठी खट्याळ. ती माझ्यावर रोजच्या बोलण्यातला एक शब्द लिहायची आणि म्हणायची, “जगाने सांगितलेला अर्थ नको. आपला सांगा.”

मग काय दंगा! ‘शेजारी : ज्याचं डुक्कर आपल्या दारात घाण करतं आणि तरी ज्याच्यावर प्रेम करायचं असतं, तो.’ ‘उपवास : मांस सगळेच सोडतात, शिव्या सोडून दाखवा.’ ‘आमेन : चला, उठा, कामाला लागा.’ एकदा शब्द होता ‘कचरा’. कुणीतरी लिहिलं, ‘माणसांनी टाकलेलं, देवाने अजून न टाकलेलं.’ बेखीत अक्षर अक्षर लावत ते वाचत राहिला. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

पुढे कुणीतरी चर्चला पांढराशुभ्र नवा फळा दिला. मी बेखीतच्या घरी परत आलो आणि डुकरांच्या खुराड्याला आडोसा झालो. दोन वर्षं डुकरांनी माझ्यावर अंग घासलं. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

एका दुपारी बेखीतची मुलगी वेरीना शाळेतून आली आणि तिने दप्तर माझ्यावरच भिरकावलं.

“मी नाही जाणार आता शाळेत!”

“काय झालं गं?” बेखीतने विचारलं.

“बाई म्हणाल्या, वास येतो तुझा, दाराशी बस. सगळे हसले.”

“मग साबण लाव की दोनदा.”

“सहा वेळा लावला, बाबा! आता कातडं सोलून काढू का?”

बेखीतने दप्तर उचलून झटकलं.

हे कळताच तासोनी तणतणत आली. तिने मला खुराड्यातून ओढून काढलं, खसाखसा पुसलं आणि लिहिलं, ‘वास’.

“बाईंनी त्यांचा अर्थ सांगितला. आता तुझा सांग,” ती वेरीनाला म्हणाली.

वेरीना खडूला हात लावेना. मग एकदम उठली आणि इतक्या जोरात लिहू लागली की खडू मोडला. ‘वास : येशू जन्मला तेव्हा त्याच्या नाकात सगळ्यात आधी शिरला, तो. गोठ्यातला.’

बेखीत खो खो हसला, मग त्याने डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी त्याने मला कचऱ्याच्या गाडीच्या बाजूला करकचून बांधलं. शाळेची गल्ली त्याच्याच फेरीत होती. त्याने गाडी नेमकी फाटकासमोर लावली. पोरं गोळा झाली, आयाबाया वाचू लागल्या. बाई तरातरा बाहेर आल्या.

“हा काय तमाशा?”

“तमाशा कसला, बाई? शब्दाचा अर्थ आहे.”

“आधी काढा ते!”

“वाचून होऊ द्या. घाई काय?”

बाईंच्या सांगण्यावरून पहारेकऱ्याने मला खेचलं. मी आपटलो आणि माझा कोपरा तुटला. दुखलं, पण अक्षर पुसलं गेलं नाही. तेवढ्यात वेरीना माझ्या बाजूने ताठ मानेने आत गेली. पुढचं तिनेच घरी सांगितलं: ती वर्गात पहिल्या बाकावर बसली. बाई म्हणाल्या, “दाराशी जा.” ती म्हणाली, “मी इथेच बसणार. तुम्हाला त्रास होत असेल, तर तुम्ही दाराशी बसा.”

बाईंनी माफी मागितली नाही. बेखीतला मात्र कार्यालयात बोलावून सुनावलं गेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी वेरीनाला स्वतः फाटकापर्यंत सोडलं. ती आजही पहिल्या बाकावर बसते.

मी पुन्हा चर्चच्या अंगणात आहे, तुटक्या कोपऱ्यासकट. मित्रांनो, मला खुशाल पुसा, मी त्यासाठीच आहे. पण माणसाच्या अंगावर चिकटवलेला शब्द फडक्याने पुसला जात नाही. त्याचा अर्थ त्याला स्वतःच्या हाताने नवा लिहावा लागतो. त्याच्या हातात खडू द्या, आणि बाजूला व्हा.