आवडाबाईचं नाव तेवढं राहिलं

मी एक जुना मराठी टाइपरायटर बोलतोय. माझ्यासारख्या वस्तू सहसा आपल्या सेवेचा अभिमान सांगतात. मला मात्र सांगायची आहे ती लाज. माझ्या कळांनी एकदा चोरी केली आहे.

औरंगाबादला गुलमंडीजवळच्या एका टायपिंग क्लासमध्ये माझी पहिली आठ वर्षं गेली. नोकरीच्या आशेनं आलेली पोरंपोरी माझ्यावर एकच ओळ शंभरदा बडवायची. शेवटी कळा झिजल्या आणि क्लासवाल्यानं मला काढून टाकलं. मुबारक नावाच्या मेकॅनिकनं मला धुतलं, तेल दिलं आणि बद्रीनाथ सरांच्या घरी आणून ठेवलं. ते एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल होतं.

सर शाळेत मराठी शिकवायचे आणि गोष्टी लिहायचे. खोकडपुऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत खिडकीपाशी माझी जागा होती. रविवारी सकाळी चहा झाला की सर बसायचे. एक वाक्य टाइप करायचे, मोठ्यानं वाचायचे आणि स्वतःशीच हसायचे. आतून त्यांच्या पत्नी आशाबाई विचारायच्या, "लागलं का गोष्टीतल्या त्या पोरीचं लग्न?"

"नाही लावत. तिला अजून शिकायचंय."

"मग मास्तरीण करा तिला," असं म्हणून आशाबाई भाजी चिरायला लागायच्या.

सरांची दोन पुस्तकं निघाली. खेड्यापाड्यांतून नवी माणसं त्यांना आपलं लेखन पाठवायची. सर प्रत्येकाला उत्तर टाइप करायचे, कधी दोन-दोन पानांचं. ती उत्तरं उमटवताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

मग शहाऐंशी साल आलं. त्या वर्षी घरात कुणी गेलं नाही, सरांची नोकरी गेली नाही, भांडणही झालं नाही. म्हणूनच काय झालंय ते कुणाला कळलं नाही. सर माझ्यासमोर बसायचे, कागद चढवायचे आणि हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. पहाटे चारला त्यांना जाग यायची, पण दहापर्यंत अंथरुणातून उठणं व्हायचं नाही. एकच बातमी चारदा वाचायचे. जेवताना आशाबाईंनी विचारलं, "आमटी कशी झालीय?" तर सर म्हणाले, "मला चव लागत नाही." आशाबाईंना वाटलं, सर नावं ठेवतायत. त्या दिवसभर बोलल्या नाहीत.

"आळस आलाय तुम्हाला," त्या म्हणायच्या. सरही तसंच मानायचे. स्वतःला आळशी, नालायक म्हणायचे. कुणी आलं की मात्र सांगायचे, "मशीन बिघडलंय, म्हणून लिहिणं थांबलंय." मी बिघडलो नव्हतो.

श्रावणात दिवाळी अंकाच्या संपादकांचं तिसरं पत्र आलं. गोष्ट पाठवा, तुमचं नाव जाहिरातीत छापलंय. त्याच टपालात बिडकीनहून एक वही आली होती. सरूबाई नावाच्या बालवाडीच्या बाईंनी आयुष्यातली पहिली गोष्ट लिहून सरांना वाचायला पाठवली होती. जायकवाडीच्या धरणात एक गाव जाणार असतं. घरं सोडायच्या दिवशी गाड्या भरून उभ्या असतात, आणि आवडाबाई नावाची बाई शेणाचा बोळा घेऊन सगळं घर सारवायला बसते. दीर ओरडतो, "पाण्यात जायचंय ते!" ती म्हणते, "जाऊ द्या. पण पारोसं नाय जाणार."

सरांनी ती वही तीन दिवस उशाशी ठेवली. चौथ्या दिवशी माझ्यात कागद चढवला आणि वहीत बघून टाइप करायला लागले. गावाचं नाव बदललं, दिराच्या जागी भाऊ आणला, शेवट थोडा लांबवला. बाईचं नाव मात्र आवडाबाईच ठेवलं. दुसरं नाव शोधायचीही ताकद त्यांच्यात उरली नव्हती. वर त्यांनी स्वतःचं नाव टाइप केलं.

आणि मी? एरवी माझी एखादी तरी कळ अडकायची. त्या दिवशी एकही अडकली नाही. सहा महिन्यांनी बोटं फिरली म्हणून मला चक्क आनंद झाला होता.

दिवाळीनंतर एका दुपारी सरूबाई दारात उभ्या राहिल्या. एसटीनं आल्या होत्या. पिशवीत तोच दिवाळी अंक होता. आशाबाईंनी कौतुकानं पाणी दिलं. सरूबाईंनी ते तसंच धरून ठेवलं.

"सर, माझी वही पोचली होती ना?"

सर खाली बघत म्हणाले, "हो."

सरूबाईंनी अंक उघडून स्टुलावर ठेवला. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आवडाबाई माझी आई हाय, सर. मागल्या सालीच वारली. तिचं नाव तरी बदलायचं व्हतं."

आशाबाईंनी आधी अंकाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. सरूबाईंनी आपली वही मागून घेतली आणि त्या गेल्या. पाणी तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून सर शाळेत गेले नाहीत. दाढी वाढली, आंघोळ सुटली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. कुणी हाक मारली तर म्हणायचे, "माझ्यासारख्यानं जगून काय करायचं?" आशाबाई घाबरल्या. मशीन चालू झालं तर माणूस उठेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी मुबारकला बोलावून आणलं.

मुबारकनं माझी एकेक कळ दाबली, कॅरेज सरकवून बघितलं. मग तो खाटेवर सरांजवळ जाऊन बसला.

"सर, मशीन एकदम ठीक है. अडकलंय ते दुसरीकडंच."

मुबारकनं हातांचं तेल फडक्याला पुसलं.

"सकाळी लई लवकर जाग येते ना? खाना मिट्टी लगता? आणि वाटतं, आपण नसलेलं बरं?"

सरांनी पहिल्यांदा मान वळवली. "तुला कसं ठाऊक?"

"मेरा भी यही हाल था. चार साल झाले. दुकान बंद करून सहा महिने घरात पडलो होतो. अम्मीनं सगळ्या दर्ग्यांचे धागे बांधले. मग घाटीच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडं गेलो. बीमारी है सर ये. मलेरिया असतो ना, तशीच."

"वेड्यांच्या डॉक्टरकडं?" आशाबाई दारातून म्हणाल्या.

"मी वेडा दिसतो का, भाभी?"

मुबारकच त्यांना रिक्षात घालून घेऊन गेला. डॉक्टरांनी त्या आजाराला डिप्रेशन म्हटलं, गोळ्या दिल्या आणि फरक पडायला तीन-चार आठवडे लागतील, असं बजावलं. गोष्ट लिहायचा हट्ट नको, रोज दिसेल ते दोन ओळींत लिहा, असंही सांगितलं. सर रोज माझ्यापाशी बसायला लागले. "आज पाणी आलं नाही." "समोरच्यांनी दार रंगवलं." अशी मेलेली वाक्यं. एका सकाळी त्यांनी टाइप केलं, "आज चहा गोड लागला." आशाबाईंनी ती ओळ वाचली आणि पदर तोंडाला लावला.

थोडी शक्ती आल्यावर सरांनी पहिलं मोठं लिखाण केलं, ते संपादकांना चोरीची कबुली देणारं पत्र. आशाबाई म्हणाल्या, "आजारी होतो म्हणून लिहा. लोक समजून घेतील."

"आजारामुळं मला लिहिता येत नव्हतं," सर म्हणाले. "पण तिच्या गोष्टीवर माझं नाव घातलं ते मी. तेवढं माझंच आहे."

पत्र छापून आलं. त्यानंतर सरूबाईंची गोष्ट त्यांच्या नावानं पुन्हा छापली. शाळेत लोक सरांना बघून बोलणं थांबवायचे. दोन जुने मित्र यायचे बंद झाले. सर बिडकीनला गेले. सरूबाईंनी त्यांना बसायला सतरंजी टाकली. "माफ केलं असं मला म्हणता यायचं नाय, सर," त्या म्हणाल्या. "गोळ्या मात्र सोडू नका." सरांनी परत येऊन हे आशाबाईंना जसंच्या तसं सांगितलं.

नवी गोष्ट सुचायला आणखी दीड वर्ष लागलं. पहिलं वाक्य वाईट होतं. सरांनी ते मोठ्यानं वाचलं, "वाईट आहे," म्हणाले, आणि कागद न फाडता दुसरं वाक्य लिहिलं. एक्याण्णव साली तिसरं पुस्तक आलं. मध्ये एकदा तो अंधार पुन्हा आला, पण आता घरात त्याला ओळखत होते. आशाबाईंनी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठले.

आता या शहराचं नावही बदललं. माझी रिबन बाजारात मिळत नाही. मी कपाटावर बसून असतो आणि सर वहीत लिहितात. कुणी कौतुकानं विचारलं, "यावरच लिहिलीत का पुस्तकं?" तर ते चोरीचीही हकीकत सांगतात. सांगताना त्यांचे कान अजून लाल होतात.

एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातलं कुणी असं गप्प झालं, त्याची चव गेली, तर त्याला आळशी म्हणू नका. लवकर घेऊन जा. आमच्याकडे जवळजवळ वर्ष गेलं. सरूबाई पुढेही लिहीत राहिल्या, असं बिडकीनला कामानं जाणाऱ्या मुबारकच्या तोंडून कळलं. पण छापून येईपर्यंत आपली वही त्यांनी पुन्हा कधीच कुणाला वाचायला दिली नाही.